'एकदा सिझर, म्हणजे कायमचं सिझर': एका वाक्याचा शंभर वर्षांचा प्रवास

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातलं जसंच्या तसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

आजचा एपिसोड एका वाक्याबद्दल आहे. "पहिलं सिझर झालंय ना? मग दुसरंही सिझरच." हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणार. आत्याकडून, शेजारच्या काकूंकडून, किंवा थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये. आणि म्हणणारा माणूस ते अशा थाटात म्हणतो, की जणू हा निसर्गनियमच आहे. सूर्य पूर्वेला उगवतो, आंबा मे महिन्यात येतो आणि सिझरनंतर सिझरच होतं.

तर हे वाक्य कुठून आलं? ते न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरचं आहे, १९१६ सालचं. आणि गंमत म्हणजे त्या डॉक्टरला जे म्हणायचं होतं, ते आज आपण जे समजतो त्याच्या जवळजवळ उलट होतं. पण तिथे जाण्याआधी आपल्याला चारशे वर्षं मागे जायचंय. स्वित्झर्लंडमध्ये, एका डुकरं खच्ची करणाऱ्या माणसाच्या घरी.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा इतिहासाचा एपिसोड आहे. तुमच्या घरात कुणाचं बाळंतपण जवळ आलं असेल तर निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचा, हेडफोनमधल्या माझ्याशी नाही.

साल साधारण १५००. स्वित्झर्लंडच्या थुरगाउ भागातलं सीगर्सहाउझेन नावाचं गाव. तिथे याकोब नुफर राहायचा. धंदा, डुकरं खच्ची करणं. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि बाळ काही केल्या बाहेर येईना. तेरा सुइणी झाल्या, मुतखडे काढणारे शस्त्रवैद्य झाले, सगळ्यांनी हात टेकले. शेवटी नुफरनं अधिकाऱ्यांकडून परवानगी घेतली, बायकोला टेबलावर झोपवलं आणि जनावरावर चालवायचा तोच वस्तरा तिच्या पोटावर चालवला. बाळ जगलं. बायको जगली. आणि पुढे? पुढे तिला आणखी मुलं झाली, त्यात एक जुळं, आणि ती सगळी नेहमीच्या वाटेनं.

म्हणजे बघा, आई जिवंत राहिलेल्या सिझरची युरोपातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट, आणि तीच सिझरनंतरच्या नॉर्मल डिलिव्हरीचीही गोष्ट!

आता खरं सांगायचं तर बहुतेक इतिहासकारांचा हिच्यावर विश्वास नाही. ती लिहिली गेली घटनेनंतर तब्बल ऐंशी वर्षांनी, १५८० च्या दशकात. बाझेलच्या कास्पार बाउहिन या वैद्यानं फ्रेंच डॉक्टर फ्रांस्वा रूसे याच्या पुस्तकाचं लॅटिन भाषांतर केलं आणि पुरवणीत ही हकिकत घातली. आणि शंका येण्याचं मोठं कारण हेच, की बाईला नंतर इतकी मुलं सुखरूप झाली. ना टाके, ना निर्जंतुक हत्यारं, आणि फाडलेली पिशवी पुन्हा इतकी बाळंतपणं सोसते? काहींचं म्हणणं, बाळ गर्भपिशवीत नव्हतंच, बाहेर पोटात वाढत होतं, म्हणजे पिशवी कापावीच लागली नसेल.

मला स्वतःला त्या रूसेच्या पुस्तकाचं जास्त आश्चर्य वाटतं. १५८१ साली निघालेल्या या पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच त्यानं जाहीर करून टाकलंय, की या ऑपरेशननं आई आणि बाळ दोघांनाही धोका नाही आणि आईची पुढे मूल होण्याची क्षमताही जात नाही. रूसेनं स्वतः हे ऑपरेशन केलेलं नव्हतं! त्याच काळातला मोठा शल्यवैद्य आंब्रोआज पारे याला हे अजिबात पटलं नव्हतं. त्यानं अशा बायका मरताना पाहिल्या होत्या. पण प्रश्न लक्षात घ्या. सिझर हा शब्दसुद्धा अजून रुळला नव्हता, तेव्हापासून लोक विचारत होते, "मग पुढच्या वेळी काय?"

पुढची तीनशे वर्षं या प्रश्नाला अर्थच नव्हता, कारण बाई वाचायचीच नाही. बहुतेक डॉक्टर गर्भपिशवी शिवतच नसत. पोटाची कातडी शिवायची, आतली पिशवी तशीच सोडायची. समज असा होता की पिशवीचा स्नायू आकसतो आणि जखम आपोआप मिटते. शिवाय आत घातलेले टाके काढणार कसे? मग रक्तस्राव, आणि त्यातून वाचली तर पू.

१८७६ मध्ये इटलीतल्या पाविया शहरात एदुआर्दो पोर्रो या डॉक्टरनं यावर एक जालीम उपाय काढला. बाळ काढायचं आणि लगेच पिशवीच कापून टाकायची. पिशवी नाही तर रक्तस्राव कुठून? त्याची पेशंट वाचली, बाळही वाचलं. मृत्यू कमी झाले हे खरं, पण बाईची कूस कायमची गेली.

मग १८८२. जर्मनीतल्या लाइपझिगचा माक्स सेंगर. वय तिशीच्याही आतलं. त्यानं ठामपणे मांडलं की गर्भपिशवी शिवलीच पाहिजे, चांदीच्या तारेनं आणि रेशमाच्या धाग्यानं, नीट थर जुळवून. हे जमलं. आई वाचू लागली आणि तिची पिशवीही वाचू लागली. आपला आजचा प्रश्न खऱ्या अर्थानं इथे जन्माला आला. पिशवी आहे, त्यावर शिवण आहे, आणि बाई पुन्हा गरोदर आहे. आता?

पण तेव्हा सिझर कुणाचं व्हायचं? आजच्यासारखं "बाळाचे ठोके कमी झाले", "बाळ पायाळू आहे" म्हणून नाही. त्या काळातल्या सिझरचं एक मोठं कारण होतं मुडदूस. ग्लासगोसारखी कारखान्यांची शहरं डोळ्यांसमोर आणा. धुराचं छत, अंधाऱ्या चाळी, ऊन नाही, दूध नाही. मुलींची हाडं लहानपणीच वाकायची आणि कमरेचं हाड, ज्यातून बाळ बाहेर यायचं, ते चेपलं जायचं. १८८८ मध्ये ग्लासगोच्या मर्डॉक कॅमरन यांनी अशाच एका, जेमतेम चार फूट उंचीच्या, बाईचं सिझर केलं. दोघंही वाचले. मुलाचं नाव काय ठेवलं माहितीये? सीझर कॅमरन. ऑपरेशनचं नाव पुढे, डॉक्टरचं आडनाव मागे.

आता विचार करा, अशा बाईचं कमरेचं हाड दुसऱ्या बाळंतपणात रुंद होणार होतं का? नाही. पहिल्या वेळी बाळ अडलं ज्या दाराशी, ते दार दुसऱ्या वेळीही तेवढंच अरुंद. म्हणजे त्या बाईसाठी "एकदा सिझर, कायमचं सिझर" हे अगदी साधं, खरं विधान होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे काप. तेव्हाचा काप उभा असायचा, गर्भपिशवीच्या वरच्या, जाड भागावर. कळा येतात म्हणजे काय होतं? पिशवीचा हाच वरचा भाग आकसतो आणि बाळाला खाली ढकलतो. सगळी ताकद तिथे. म्हणजे शिवण नेमकी अशा जागी, जिथे पुढच्या वेळी सगळ्यात जास्त ओढ बसणार. असा व्रण असेल तर पिशवी फाटण्याचा धोका आजही शंभरात चार ते नऊ असा धरतात, आणि ती कधीकधी कळा सुरू होण्याआधीच फाटते. पिशवी फाटली तर बाळाकडे अवघी काही मिनिटं असतात. आईचंही रक्त पोटात वाहत असतं. १९१६ मध्ये ना रक्तपेढी होती ना अँटिबायोटिक.

तर १९१६. न्यूयॉर्क. स्लोन हॉस्पिटल फॉर विमेनचे डॉ. एडविन क्रेगिन डॉक्टरांच्या एका सभेत निबंध वाचतात. निबंधाचं नाव पाहा, 'कॉन्झर्व्हेटिझम इन ऑब्स्टेट्रिक्स'. म्हणजे प्रसूतिशास्त्रात सबुरीनं घ्या. सिझर आता सुरक्षित झालंय म्हणून तरुण डॉक्टर उठसूट सुरी उचलायला लागले होते, आणि क्रेगिन त्यांना सांगत होते: बाबांनो, पहिलं सिझर करताना दहादा विचार करा, कारण एकदा सिझर केलंत की त्या बाईला सहसा पुढेही सिझरच करावं लागतं. 'वन्स अ सिझेरियन, ऑलवेज अ सिझेरियन.'

म्हणजे बोट पहिल्या सिझरकडे होतं! "दुसरं सिझर करा" असा तो आदेश नव्हता, "पहिलं टाळा" अशी विनवणी होती. त्याच निबंधात क्रेगिन हेही सांगतात की याला अपवाद असतात, आणि त्यांच्याच एका पेशंटला सिझरनंतर तीन मुलं नॉर्मल झाली होती. वाक्य ज्या माणसाचं, त्याच्याच वहीत त्या वाक्याला छेद देणारी केस!

क्रेगिन दोन वर्षांनी, १९१८ मध्ये वारले. वाक्य मात्र जगलं. आणि कसं जगलं बघा, सभेतली सबुरी गळून पडली, अपवाद गळून पडला, उरले ते चार शब्द. ताल आहे, लक्षात राहतं. आपल्याकडे म्हणींचं जे होतं तेच. म्हण तोंडपाठ होते, ती कुणी कुणाला कशासाठी म्हटली होती हे कुणी विचारत नाही.

इकडे अमेरिकेत वाक्य घट्ट होत होतं, तिकडे ग्लासगोत काप बदलत होता. जॉन मन्रो कर हे तिथले प्रसूतितज्ज्ञ. त्यांचं म्हणणं, उभा काप वर घेण्यापेक्षा आडवा काप खाली घ्या. गर्भपिशवीचा खालचा भाग शेवटच्या महिन्यांत पातळ आणि ताणलेला होतो. कळा येतात तेव्हा हा भाग जोर लावत नाही, तो फक्त पसरतो. तिथली शिवण चांगली भरते, रक्त कमी जातं, आणि पुढच्या वेळी तिच्यावर ओढही कमी बसते. कल्पना नवी नव्हती. जर्मनीत फेर्डिनांड केरर यांनी १८८१ मध्येच हाइडेलबर्गजवळच्या एका खेड्यात असा काप घेतला होता, पण सेंगरच्या गाजावाजात केरर मागे पडले. मन्रो कर यांनी १९११ पासून चिकाटी धरली, १९२० च्या दशकात लेख लिहिले, टीका सोसली. पुढच्या काही दशकांत जगभर तोच काप रूढ झाला. आज तुमच्या ओळखीत ज्यांचं सिझर झालंय, त्यातल्या बहुतेकींचा आतला काप हाच असतो, आडवा, खालचा.

इथे एक गोंधळ दूर करतो, कारण हा खूप जणांचा होतो. बाहेर पोटावर दिसणारा टाका वेगळा आणि आत पिशवीवरचा वेगळा. बाहेरचा 'बिकिनी कट' म्हणतात तो जर्मन डॉक्टर फानेनश्टील यांनी १९०० मध्ये सांगितलेला. बाहेर आडवा टाका आहे म्हणून आतही आडवाच असेल, असं नाही. घाईच्या वेळी, बाळ फार लहान असताना किंवा आडवं पडलेलं असताना आत उभा काप घ्यावा लागलेला असू शकतो. बाहेरून बघून कुणीही, अगदी मोठ्यातला मोठा डॉक्टरसुद्धा, हे सांगू शकत नाही. ते फक्त ऑपरेशनच्या नोंदीत असतं.

तर काप बदलला. मुडदूसही कमी होत गेला. म्हणजे क्रेगिनच्या वाक्याचे दोन्ही पाय काढून घेतले गेले. ब्रिटन, आयर्लंड आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत डॉक्टर सिझर झालेल्या बाईला पुढच्या वेळी कळा येऊ देत, हॉस्पिटलात लक्ष ठेवत आणि बऱ्याच जणी नॉर्मल बाळंत होत. अमेरिकेत मात्र १९७० च्या दशकापर्यंत सिझरनंतर सिझर हे जवळजवळ शंभर टक्के चालू राहिलं.

या वाक्याची भीती कुठवर जाऊ शकते, त्याची एक काळी गोष्ट आयर्लंडमध्ये घडली. ही मी थोडी थांबून सांगणार आहे. १९४० चं दशक. देश कडवा कॅथलिक, आणि १९३५ पासून संततिनियमनाच्या साधनांवर कायद्यानं बंदी. डब्लिनच्या काही नामवंत डॉक्टरांनी असा विचार केला: या बाईचं सिझर केलं, तर पुढेही सिझरच होणार. तीन-चार सिझरनंतर पुढचं मूल धोक्याचं. मग ही बाई संततिनियमनाकडे वळेल, किंवा नसबंदी मागेल. ते तर पाप! मग सिझरच नको. त्याऐवजी त्यांनी सिम्फिजिऑटमी नावाचं जुनं ऑपरेशन पुन्हा बाहेर काढलं. यात कमरेच्या हाडाचा पुढचा सांधा कापतात, जेणेकरून हाड कायमचं थोडं उघडं राहील आणि पुढची सगळी मुलं 'नैसर्गिक' वाटेनं येतील.

१९४० ते १९८० च्या दशकांदरम्यान सुमारे दीड हजार आयरिश बायकांवर हे केलं गेलं. अनेकींना आपल्याला नक्की काय केलंय हे सांगितलंच नव्हतं. त्यातल्या कित्येक जणी पुढे आयुष्यभर नीट चालू शकल्या नाहीत, लघवीवर ताबा राहिला नाही, कंबर दुखत राहिली. आपल्यासोबत काय झालं हे काहींना म्हातारपणी, बातम्या वाचून कळलं. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं आयर्लंडला यावरून खडसावलं आणि त्याच वर्षी सरकारनं भरपाईची योजना आणली.

बघा, न्यूयॉर्कमध्ये सिझरनंतर सिझर म्हणून बायकांना टेबलावर घेत होते, आणि डब्लिनमध्ये सिझरनंतर सिझर म्हणूनच सिझर टाळून हाडं कापत होते. भीती एकच, आणि तिचा हिशोब दोन्हीकडे बाईला न विचारता मांडलेला.

आता पुन्हा अमेरिका. १९७० मध्ये तिथे सिझरचं प्रमाण ५.५ टक्के होतं. १९८० मध्ये ते १६.५ झालं. दहा वर्षांत तिप्पट! पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके सतत बघणारी यंत्रं आली, पायाळू बाळाला सरळ सिझर ठरलं, चिमटे लावणं कमी झालं. आणि प्रत्येक नवं सिझर पुढच्या सिझरचं बी पेरत होतं. चक्रवाढ व्याजासारखं. मग सप्टेंबर १९८० मध्ये सरकारी आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची परिषद बोलावली. निष्कर्ष असा की आडवा, खालचा काप असेल, दुसरी अडचण नसेल आणि हॉस्पिटल सज्ज असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करू देणं योग्य आहे.

पण मी म्हणेन, दार नुसतं डॉक्टरांनी उघडलं नाही. बायका बाहेरून ढकलत होत्या. नॅन्सी वेनर कोहेन यांचं स्वतःचं सिझर झालेलं होतं. त्यांनी लोइस एस्टनर यांच्याबरोबर १९८३ मध्ये 'सायलेंट नाइफ' हे पुस्तक लिहिलं, चिडून लिहिलेलं, डॉक्टरांना झोंबणारं. 'व्हीबॅक' हा शब्द रुळवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. व्हीबॅक म्हणजे व्हजायनल बर्थ आफ्टर सिझेरियन. नाव मिळालं की मागणी करता येते. "मला व्हीबॅक हवंय" असं म्हणणं आणि "डॉक्टर, नॉर्मल होईल का हो?" असं विचारणं, यात फरक आहे ना!

आकडे भराभर चढले. सिझर झालेल्या बायकांपैकी नॉर्मल बाळंत होणाऱ्या १९८० मध्ये ३.४ टक्के होत्या, १९९० मध्ये जवळजवळ २०, आणि १९९६ मध्ये २८.३. सरकारनं तर २००० सालासाठी ३५ टक्क्यांचं टार्गेटच ठेवलं होतं.

आणि इथेच माशी शिंकली. टार्गेट म्हटलं की माणूस मागे पडतो, हे आपल्याला सरकारी योजनांवरून वेगळं सांगायला नको. सिझर महाग, नॉर्मल स्वस्त. काही विमा कंपन्यांनी नियम केला, आधी सिझर झालेल्या प्रत्येकीनं नॉर्मलचा प्रयत्न केलाच पाहिजे. प्रत्येकीनं! तिला हवं असो वा नसो. जे हक्क म्हणून मागितलं होतं, ते सक्ती म्हणून परत आलं. शिवाय कळा याव्यात म्हणून औषधं देण्याचं प्रमाण वाढलं. त्यात मिसोप्रोस्टॉल आलं, मुळात पोटाच्या अल्सरसाठीची गोळी. व्रण असलेल्या पिशवीवर ती फार जोरात काम करते. पिशव्या फाटायला लागल्या. बाळं गेली. कोर्टात दावे उभे राहिले.

१९९९ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं मार्गदर्शिकेत एक शब्द बदलला. आधी लिहिलं होतं, डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ 'सहज उपलब्ध' असावेत. आता लिहिलं, 'तत्काळ उपलब्ध' असावेत. एवढंच. पण लहान गावातल्या हॉस्पिटलला चोवीस तास भूलतज्ज्ञ बसवून ठेवणं परवडणार कसं? त्यांनी सरळ पाटी लावली, आमच्याकडे व्हीबॅक होत नाही.

मग जुलै २००१ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय मासिकात वॉशिंग्टन राज्यातल्या २०,०९५ बायकांचा अभ्यास छापून आला. पिशवी फाटण्याचं प्रमाण, कळा न येऊ देता सिझर केलं तर हजारात १.६. कळा आपोआप आल्या तर हजारात ५.२. प्रोस्टाग्लँडिन औषधं देऊन कळा आणल्या तर हजारात २४.५. बातम्यांमध्ये काय गाजलं? शेवटचा आकडा. "पंधरापट धोका!" मधला आकडा, म्हणजे आपोआप कळा आलेल्या बाईचा, कुणाच्या लक्षात राहिला नाही. २००४ पर्यंत व्हीबॅकचं प्रमाण ९.२ टक्क्यांवर कोसळलं. वाक्य परत गादीवर बसलं.

त्याच २००४ मध्ये आणखी मोठा अभ्यास आला, आणि मला वाटतं या सगळ्या वादातला सगळ्यात प्रामाणिक हिशोब त्यात आहे. १७,८९८ बायकांनी नॉर्मलचा प्रयत्न केला. त्यातल्या ७३.४ टक्के नॉर्मल बाळंत झाल्या. पिशवी फाटली १२४ जणींची, म्हणजे ०.७ टक्के. ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा झालेली बाळं, १२. थेट सिझर केलेल्या गटात अशी बाळं शून्य. आता सांगा, हे चांगलं की वाईट? १७,८८६ जणी म्हणतील, काय एवढं घाबरवत होता! आणि बारा घरांत आयुष्य उलटंपालटं झालेलं आहे. दोन्ही खरं आहे.

पण दुसऱ्या पारड्यात काय, ते २००६ च्या एका अभ्यासानं दाखवलं. सिझर जितकी जास्त, तितकी पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची भीती जास्त. वार खाली, पिशवीच्या तोंडाशी असेल, तर ती अशी रुतण्याचं प्रमाण पहिल्या सिझरच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्या वेळी ११ आणि तिसऱ्या वेळी ४०. अशी वार सुटत नाही, रक्त थांबत नाही, आणि बऱ्याचदा शेवटी पिशवीच काढावी लागते. म्हणजे पोर्रोचं १८७६ चं ऑपरेशन. एकशेतीस वर्षांनी, चकचकीत ऑपरेशन थिएटरमध्ये, परत तेच.

२०१० मध्ये अमेरिकेत पुन्हा परिषद झाली, पुन्हा म्हणाले की बऱ्याच बायकांसाठी प्रयत्न करणं योग्य आहे, आणि त्या 'तत्काळ' शब्दाचा फेरविचार करा. आकडे हळूहळू सरकले, २०१८ मध्ये १३.३ टक्के. मधल्या काळात डॉक्टर एक कॅल्क्युलेटर वापरत होते. वय, वजन, आधीचं बाळंतपण असं सगळं भरायचं आणि यश मिळण्याची टक्केवारी काढायची. त्यात एक रकाना वंशाचाही होता. बाई कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक असेल तर तिची टक्केवारी आपोआप कमी! ओरड झाली आणि २०२१ मध्ये तो रकाना काढला. वंश काढूनही गणित नीट चालतं, असं तेव्हा दिसलं.

आता आपल्याकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरनं होतात. आधीच्या फेरीत २०.१ होती. देशभरातले आकडे घेतले तर सरकारी दवाखान्यात १४.३ आणि खासगीत ४७.४. म्हणजे "पहिलं सिझर झालंय" म्हणणाऱ्या बायका आता दर चौकात आहेत, आणि क्रेगिनचं वाक्य कधी नव्हे इतकं कामाला लागलंय.

आपल्याकडची गणितं मात्र न्यूयॉर्कची नाहीत. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात एका बाईला सरासरी १.७ मुलं होत होती. दुसरं मूल हे बहुतेक घरांत शेवटचंच. म्हणून घरात सरळ हिशोब असतो: दुसरं सिझर करून घ्या, त्यातच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही उरकून टाका, आणि जमलं तर मुहूर्तही साधा. तिसरं-चौथं सिझर होणारच नसेल तर वार रुतण्याची भीती तितकी उरत नाही, हे त्या हिशोबातलं खरं. यावर शहाणपण शिकवायला मी कोण? पण दुसऱ्या सिझरनंतरही टाके दुखतात, पहिल्या लेकराला उचलून घेता येत नाही, आणि घरात मदतीला कुणी नसेल तर तेही मोजावं लागतंच.

आणि 'तत्काळ' हा शब्द आपल्याकडे जास्त टोचतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, रक्त, थिएटर सगळं एका छताखाली. तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ चार दवाखाने सांभाळतो आणि रक्ताची बाटली जिल्ह्याहून येते. तिथला डॉक्टर "नको, सिझरच करू" म्हणतो तेव्हा तो दर वेळी पैशासाठीच म्हणतो असं नाही. त्याला ती काही मिनिटं दिसत असतात. तुमच्या डॉक्टरला विचारायचा प्रश्न "तुम्ही व्हीबॅक करता का?" एवढाच नाही. रात्री दोन वाजता गरज पडली तर इथे किती वेळात ऑपरेशन सुरू होतं, हा आहे.

आणि शेवटचं, अगदी आपल्या घरातलं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. दुसरं बहुतेक वेळा सासरी, किंवा नोकरीच्या गावी. पहिल्या सिझरचे कागद लातूरला आईच्या कपाटात आणि दुसऱ्या वेळी बाई ठाण्याच्या दवाखान्यात. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'एलएससीएस' असतं, हे मन्रो करच्या खालच्या कापाचं नाव. किंवा कार्डच सापडत नाही. मग आतला काप आडवा होता की उभा, एका थरात शिवला की दोन, मध्ये कुठे फाटला होता का, पहिलं सिझर नक्की कशासाठी केलं, यातलं नव्या डॉक्टरला काहीच कळत नाही. अशा वेळी तो सावध निर्णय घेतो, म्हणजे सिझर. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणाचं, किंवा तुमच्या बहिणीचं, वहिनीचं पहिलं सिझर झालेलं असेल, तर आजच माहेरी फोन करा, ती फाइल शोधायला सांगा, आणि ऑपरेशनच्या नोंदीच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फाइल हरवली असेल तर त्या हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून प्रत मागता येते, तो पेशंटचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या नियमानुसार डॉक्टरनं हे कागद तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. दोन मुलांमध्ये तीन वर्षांचं अंतर सहज पडतं, त्यामुळे फोन लवकर केलेला बरा.